कोनाड्यातला ग्रंथ आणि सातबाऱ्यावरचा धर्म

मुसलमानाच्या घरात पवित्र कुरआन कुठे ठेवलेला असतो, हे विचारावे लागत नाही. घरातल्या सर्वांत उंच फळीवर किंवा कोनाड्यात, रेशमी जुजदानात गुंडाळून, वुजूशिवाय कोणी हात लावू नये अशा अदबीने तो ठेवलेला असतो. त्याच घरात जमिनीचे कागद लोखंडी पेटीत असतात. पेटीला कुलूप असते आणि किल्ली घरातल्या कर्त्या पुरुषाकडे. घरात मृत्यू झाला की पहिले चाळीस दिवस कोनाड्यातला ग्रंथ खाली येतो, पारायणे होतात, खत्म होते, सवाब मय्यताला पोचवला जातो. चाळीसावा उरकला की ग्रंथ परत वर जातो आणि पेटी उघडते. त्यानंतर जे घडते त्यात ग्रंथाला कोणी विचारीत नाही. ह्या लेखात आम्हाला त्या पेटीविषयी बोलायचे आहे.

'स्वतः रचलेला धर्म' म्हटले की आपल्याला बादशहा अकबर आठवतो. १५८२ च्या सुमारास त्याने दीन-ए-इलाही काढला. मूठभर दरबारी त्यात गेले आणि बादशहाबरोबर तो संपला. उलेमांनी त्यावर भरपूर लिहिले, आजही जुम्म्याच्या बयानात त्याचे नाव निघते. पण चारशे वर्षांपूर्वी मेलेल्या ह्या धर्माची भीती बाळगण्याचे आज काही कारण नाही. ज्याला संस्थापक नाही, किताब नाही, नावही नाही, आणि तरीही जो आपल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो, अशा एका धर्माची भीती बाळगायला हवी. त्याला आपण 'रिवाज' म्हणतो. रिवाज नमाजाला हात लावत नाही, रोजाला लावत नाही, दाढीटोपीला लावत नाही. जिथे पैसा आणि जमीन येते तिथे मात्र तो अल्लाहच्या किताबाला बाजूला सारतो आणि आपला कायदा चालवतो. ह्या धर्माचे पहिले कलम असे की बहिणीला हिस्सा नाही.

किताब काय सांगते?

वाचकहो, ही गोष्ट किताबात अंधुक असती, तिच्यावर इमामांचे मतभेद असते, तर आम्ही इतक्या खात्रीने लिहिले नसते. नमाजाच्या रकातींची संख्या कुरआनात आकड्यांनी आलेली नाही. जकातीचा दर आलेला नाही. ते आपण प्रेषितांच्या सुन्नतीतून शिकलो. वारशाचे मात्र आकडेच आले आहेत: निम्मा, पाव, अष्टमांश, दोन-तृतीयांश, एक-तृतीयांश, षष्ठांश. सुरह निसाची सातवी आयत सांगते की आईबाप आणि आप्त जे मागे ठेवतात त्यात पुरुषांचा वाटा आहे तसा स्त्रियांचाही आहे, माल थोडा असो वा फार, आणि तो वाटा ठरवून दिलेला आहे. अकरावी आणि बारावी आयत प्रत्येकाचे प्रमाण सांगते. तेराव्या-चौदाव्या आयतीत ह्या अल्लाहने आखलेल्या मर्यादा आहेत असे बजावून त्या ओलांडणाऱ्याला आगीची ताकीद दिली आहे. वारसा वाटून देण्याचा हुकूम आणि न दिल्याची शिक्षा अशी एका पानावर आली आहे.

ह्या आयतींच्या अवतरणामागची घटनाही हदीसच्या ग्रंथांत आहे. उहुदच्या लढाईत सअद बिन रबी (रजि.) शहीद झाले. त्यांच्या भावाने सारा माल ताब्यात घेतला. अरबस्तानचा तो रिवाजच होता: जो तलवार धरतो तो वारस. सअदची विधवा दोन लहान मुलींना घेऊन प्रेषितांकडे (स.) आली आणि म्हणाली की ह्यांचा बाप तुमच्याबरोबर लढताना गेला, चुलत्याने काही ठेवले नाही, आणि पैशाशिवाय ह्यांची लग्ने होणार नाहीत. मग आयत उतरली. प्रेषितांनी त्या चुलत्याला बोलावून घेतले. मुलींना दोन-तृतीयांश, त्यांच्या आईला अष्टमांश आणि उरेल ते तुझे, असा निवाडा दिला. चोवीस वाटे धरले तर मुलींचे सोळा, आईचे तीन आणि भावाचे पाच. ज्याने सगळे हडपले होते त्याच्या हाती चोवीसातले पाच आले. चौदाशे वर्षांपूर्वी एका विधवेने दार ठोठावले आणि एका जमातीचा रिवाज मोडला. आज आपल्यातली बहीण तेच दार ठोठावते, तेव्हा आपण तिला 'माहेर तोडू नकोस' असे सांगतो.

इथे काही सुशिक्षित वाचक विचारतील की मुलीला मुलाच्या निम्माच का? प्रश्न रास्त आहे. विचारवंत त्याची उत्तरे देतात: मेहर, पोटगी, कुटुंबाच्या खर्चाची पुरुषावरची जबाबदारी. बदललेल्या काळात ही उत्तरे किती पुरतात ह्यावर वादही होतो, तो व्हायलाही हवा. पण ज्या घरात मुलीच्या हाती शून्य येते, त्या घरात निम्मा की पूर्ण ह्या वादाला काय अर्थ आहे? आपल्या वकिलांनी परिषदांतून निम्म्या हिश्श्याची तरफदारी करायची, त्यांच्या विरोधकांनी त्यावर टीका करायची, आणि दोघांच्याही घरच्या बहिणींनी ईदची साडी घेऊन परत जायचे, असे चालले आहे.

वडगावच्या कचेरीत

आम्ही राहतो ते पवनानगर. जुनी माणसे अजूनही त्याला काले कॉलनी म्हणतात. १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या पवना धरणाच्या कडेने वाढलेले हे गाव. मागे तुंग आणि तिकोना, अलीकडे लोहगड. ह्या भागात मुसलमानांची घरे थोडी. मुलाणी, तांबोळी, शेख, सय्यद, इनामदार. घरात दखनी बोलतो, बाहेर मराठी. कोणाकडे चार एकर भातखाचर, कोणाकडे डोंगरउतारावरचे माळरान. आमच्या आजोबांच्या काळी ह्या माळरानाला कोणी विचारीत नव्हते. मग २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, लोणावळ्याचे बंगले घाट उतरून पाण्याच्या काठापर्यंत आले आणि गुंठ्याचा भाव माणसांच्या नात्यात शिरला.

जमिनीची किंमत मावळाला कोणी सांगायला नको. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेच्या बंद जलवाहिनीविरुद्धच्या आंदोलनात द्रुतगती मार्गावर बऊरजवळ पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. त्या तिघांत एक स्त्री होती. रस्त्यावर येऊन जमिनीसाठी जीव देणारी बाई आमच्या तालुक्याने पाहिली आहे. पण त्याच तालुक्यात, धर्म कोणताही असो, बाईचे नाव सातबाऱ्यावर टिकत नाही. आमच्या हिंदू शेजाऱ्यांतही तेच. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा हक्क दिला, तरी हक्कसोडपत्रे होतच आहेत. फरक एवढाच की त्यांच्या मुलींना जे विधिमंडळ आणि संसद देऊ करते, ते आपल्या मुलींना अल्लाहच्या किताबाने दिले आहे असे आपण मानतो. म्हणून आपला गुन्हा अधिक मोठा.

कागद कसा होतो ते सांगतो. बाप वारला की वारसनोंदीचा अर्ज जातो. तलाठी सगळ्या वारसांची नावे लिहितो, मुलींचीही लिहितो. ध्यानात घ्या, सरकार मुलीचे नाव गाळीत नाही. त्या नावाचा फेरफार पडतो, नोटीस निघते, नोंद मंजूर होते. मग काही महिन्यांनी भाऊ बहिणीच्या सासरी जातो. बरोबर मिठाई असते. तालुक्याला, म्हणजे वडगावला, एक सही करायला यायचे असते. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बाकावर बहिणी बसलेल्या असतात, बुरख्यातल्या आणि पदर घेतलेल्या शेजारीशेजारी. कागदावर लिहिलेले असते की मी राजीखुशीने, कोणाच्या दबावाविना, माझा हक्क सोडत आहे. अंगठा उमटतो, फोटो निघतो. दुपारी हॉटेलात जेवण होते. बहीण संध्याकाळच्या एसटीने परत जाते. सरकारने लिहिलेले तिचे नाव खोडायला आपणच तिला घेऊन जातो.

'राजीखुशी' ह्या शब्दाकडे थोडे पाहू. जी सही न केल्यास ईदला भाऊ येणार नाही, बाळंतपणाला माहेर मिळणार नाही, उद्या नवऱ्याने घालवून दिले तर दार उघडणार नाही, त्या सहीला राजीखुशी म्हणावे काय? फिकहच्या अंगानेही पाहा. हिबा, म्हणजे बक्षीस, पूर्ण व्हायला कब्जा लागतो. देणाऱ्याच्या हाती वस्तू असावी लागते आणि ती घेणाऱ्याच्या हाती जावी लागते. बहिणीच्या हाती जमीन आलीच कधी? तिला तिचा तुकडा मोजून दाखवा, सातबाऱ्यावर तिचे नाव चढू द्या, एका हंगामाचा भात तिच्या घरी पोचवा. मग ती म्हणाली की दादा, हे तूच ठेव, तर खुशाल घ्या. असा प्रयोग करून पाहणारा भाऊ आमच्या तरी पाहण्यात नाही.

फळ्यावरचे गणित

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. गणिताच्या तासाला गुणोत्तर शिकवताना पुस्तकातली उदाहरणे मुलांना रुचत नाहीत, म्हणून एकदा वारशाचे गणित घातले. ह्याला परंपराही आहे. ज्या अल-ख्वारिज्मीच्या ग्रंथावरून बीजगणिताला 'अल्जेब्रा' हे नाव पडले, त्याच ग्रंथाचा मोठा भाग मृत्युपत्रे आणि वारसा वाटण्याच्या हिशोबाचा आहे. गणित साधे होते. एका माणसाने सहा एकर, म्हणजे दोनशे चाळीस गुंठे जमीन मागे ठेवली. मागे बायको, दोन मुलगे, दोन मुली. प्रत्येकाला किती? मुलांनी पटापट केले. बायकोला अष्टमांश, तीस गुंठे. उरले दोनशे दहा. मुलगा दोन, मुलगी एक, असे सहा वाटे. वाटा पस्तीस गुंठ्यांचा. प्रत्येक मुलाला सत्तर, प्रत्येक मुलीला पस्तीस. ताळा जुळला.

मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. ती म्हणाली, "सर, अम्मी को तो कुछ नहीं मिला. मामू लोगां सब ले लिए. तो ये गणित गलत है क्या?" वर्ग हसला. आम्ही काहीतरी उत्तर दिले, आता ते आठवतही नाही. घंटा झाली म्हणून सुटलो.

उत्तर सुचले नाही ह्याचे कारण आमच्या घरात आहे, आणि ते इथे लिहिल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. आम्हाला एक फुफी आहे. आजोबा गेल्यावर, आमच्या जन्माच्याही आधी, वडील आणि चुलते तिला वडगावला घेऊन गेले होते. तेच मिठाई, तोच कागद, तोच अंगठा. पुढे त्या जमिनीतला रस्त्याकडचा तुकडा विकला गेला. आलेल्या पैशातून घराची स्लॅब पडली, थोरल्या बहिणीचे लग्न झाले आणि आमची बी.एड.ची फी भरली गेली. म्हणजे वर्गात उभे राहून सुरह निसाचे प्रमाण शिकवण्याची जी पात्रता आम्ही मिळवली, ती सुरह निसाने फुफीला दिलेला हिस्सा खाऊन मिळवली. सुरह फज्रमध्ये अल्लाहने वारशाचा माल हावऱ्यासारखा गिळणाऱ्यांची गोष्ट सांगितली आहे. लहानपणी मकतबमध्ये ती सुरह आम्ही तोंडपाठ केली होती. ती कोणाविषयी आहे हे कळायला तिशी उलटावी लागली.

हा रिवाज आला कोठून?

आपल्यातले काहीजण म्हणतात, ही इंग्रजांची करणी, किंवा शेजाऱ्यांची संगत. इतिहास इतका सोपा नाही. एल्फिन्स्टनच्या काळात मुंबई इलाख्यासाठी १८२७ चे चौथे रेग्युलेशन झाले. त्याने दिवाणी दाव्यात सरकारी कायद्यानंतर देशरिवाजाला स्थान दिले, आणि रिवाज नसेल तर प्रतिवादीच्या धर्मशास्त्राला. म्हणजे कोर्टात रिवाज पुढे आणि शरियत मागे. ही वाट इंग्रजांनी घातली हे खरे, पण तिच्यावरून चालत गेलो आपणच.

१८४७ मध्ये मुंबईच्या सुप्रीम कोर्टात खोजा जमातीतल्या दोन बहिणींनी बापाच्या मालमत्तेत कुरआनप्रमाणे हिस्सा मागितला. मुख्य न्यायाधीश होते अर्स्किन पेरी. बिरादरीतल्या पुरुषांकडून रिवाजाचा दाखला आला की आमच्यात मुलींना वारसा नसतो, त्यांना पोषण आणि लग्नाचा खर्च मिळतो. कोर्टाने रिवाज मानला आणि बहिणी हरल्या. कच्छी मेमनांच्या बाबतीतही त्याच वेळी तोच निवाडा झाला. इंग्रज न्यायाधीशासमोर दोन मुसलमान स्त्रिया कुरआन घेऊन उभ्या होत्या आणि त्यांच्या विरोधात मुसलमान पुरुष रिवाज घेऊन उभे होते, असे ते दृश्य होते. शरियतवर हल्ला ह्या शब्दांनी ह्या निकालाचे वर्णन केलेले आपण कधी ऐकले आहे काय?

पुढे नव्वद वर्षांनी, १९३७ मध्ये, शरियत कायदा आला. रिवाज दूर करून मुसलमानांना शरियत लागू करावी हा त्याचा हेतू. मुंबईच्या त्या १८२७ च्या रेग्युलेशनचे कलमही त्याने मागे सारले. कायदा चांगला, पण त्याच्या दुसऱ्याच कलमात शेतजमिनीचे प्रश्न वगळले. शेतजमीन प्रांतांच्या अखत्यारीत होती हे एक कारण सांगतात. जमीनदारांना मुलींचा वाटा नको होता हे दुसरे. ज्या देशात बहुतेकांची मालमत्ता म्हणजे शेती, तिथे शेती वगळून वारशाचा कायदा करणे म्हणजे विहीर वगळून पाणी वाटण्यासारखे होते. मद्रासने १९४९ मध्ये आणि केरळने १९६३ मध्ये आपल्यापुरता हा अपवाद दूर केला.

आता आपल्या मोर्चांचा हिशोब मांडू. डिसेंबर १९७२ मध्ये मुंबईत मोठे अधिवेशन झाले आणि पुढच्या वर्षी हैदराबादेत मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड उभे राहिले. १९८५ मध्ये शाहबानो निकालावर देश ढवळून निघाला आणि १९८६ मध्ये कायदा बदलून घेतला. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तिहेरी तलाक रद्द केला. त्यावरच्या विधेयकाविरुद्ध २०१८ मध्ये महाराष्ट्रात ठिकठिकाणी बुरखाधारी भगिनींचे मूक मोर्चे निघाले, आणि २०१९ मध्ये कायदा झालाच. मोर्चे काढण्याचा त्यांचा हक्क आम्ही नाकारत नाही. पण शरियत वाचवायला उन्हात चालत आलेल्या त्या हजारो बायकांपैकी कितीजणींना त्यांच्या भावांनी शरियतप्रमाणे हिस्सा दिला असेल? शेतजमिनीचा अपवाद काढा, आमच्या बहिणींना सुरह निसाचा हिस्सा द्या, अशा मागणीचा एकही मोर्चा महाराष्ट्रात निघाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

किताब सोडल्याचे परिणाम

पहिला परिणाम बाईच्या पायाखाली दिसतो. तलाकचे दुःख केवळ तीन शब्दांचे नाही. त्या शब्दांनंतर तिला उभे राहायला जागा नसते हे खरे दुःख आहे. बापाच्या जमिनीतले पस्तीस गुंठे तिच्या नावावर असते, तर नवऱ्याला तोंडातून शब्द काढताना विचार करावा लागला असता. किताबाने तिला मेहर आणि वारसा असे दोन आधार दिले होते. मेहर आपण नावापुरता करून ठेवला आणि वारसा काढून घेतला. मग ती कोर्टात गेली की तिने शरियत सोडली असा ठपका ठेवायला आपण मोकळे.

दुसरा परिणाम जहेजचा. आपण म्हणतो, लग्नात दिले की, आता हिस्सा कसला? पण हिस्सा मुलीचा असतो, जहेज जावयाच्या घरी जाते. किताबात हिस्सा आहे आणि हुंडा नाही. आपण हुंडा दिला आणि हिस्सा नाकारला, म्हणजे हुकूम मोडला आणि मनाई केल्यासारखी गोष्ट धर्म म्हणून पाळली. हुंडाबंदीचा कायदा १९६१ पासून आहे. आपल्या लग्नांतला पलंग, कपाट आणि मोटरसायकल त्याला घाबरत नाही.

तिसरा परिणाम समाजाच्या इभ्रतीचा. जो समाज स्वतःची किताब पाळत नाही, त्याच्यासाठी कायदा कोणीतरी दुसराच करतो. समान नागरी कायद्याची चर्चा निघाली की आपण घाबरतो. पण आपल्या स्त्रियांना किताबाने दिलेले आपणच दिले असते, तर आज आपण त्या चर्चेत मान वर करून बसलो असतो. आता 'तुमच्या शरियतने बहिणीला काय दिले?' असे कोणी विचारले, तर आयत दाखवता येते, सातबारा दाखवता येत नाही.

चौथा परिणाम सर्वांत खोल आहे, आणि शिक्षक म्हणून तो आम्हाला रोज दिसतो. मुले पाहत असतात. किताब तोंडाने पढायची आणि व्यवहार बापजाद्यांप्रमाणे करायचा, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. सुरह बकरामध्ये अशा लोकांची गोष्ट आहे ज्यांना अल्लाहने उतरवलेल्याकडे या म्हटले की ते म्हणतात, आम्ही वाडवडिलांच्या वाटेनेच जाऊ. त्याच सुरहमध्ये किताबाचा काही भाग मानणारे आणि काही नाकारणारे येतात. मदरशात आम्हाला ह्या आयती दुसऱ्या कौमांविषयी म्हणून शिकवल्या गेल्या. मागच्या बाकावरच्या त्या मुलीने त्या आपल्याविषयी आहेत हे ओळखले. उद्या तिने असे ठरवले की फळ्यावरचे गणितच खोटे, तर त्याचा जाब आपल्याला द्यावा लागेल.

आपले साहित्य ह्याविषयी काय लिहिते?

हा अंक साहित्याचा आहे, म्हणून आपल्या लेखणीचाही हिशोब मांडला पाहिजे. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईच्या विधानभवनावर नेला आणि १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. दलवाईंशी आमचे मतभेद आहेत. किताबाकडे पाठ करून सुधारणा रुजेल असे आम्हाला वाटत नाही. पण तलाकपीडित बाईचा प्रश्न त्यांनी मराठी माणसासमोर आणला हे मान्य केले पाहिजे. मेहरुन्निसा दलवाईंचे 'मी भरून पावले आहे' आणि रझिया पटेल यांचे 'चाहूल' ह्यांनी मुस्लिम स्त्रीचे अनुभव तिच्या आवाजात मराठीत आणले. १९९० मध्ये सोलापूरला मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले आणि आपली एक लिहिती पिढी उभी राहिली. तिने दंगल लिहिली, गरिबी लिहिली, संशयाने पाहणाऱ्या नजरा लिहिल्या, तलाक लिहिला.

दुय्यम निबंधकाच्या कचेरीतला तो बाक मात्र आमच्या वाचनात आलेल्या कथाकवितांत जवळजवळ नाही. ह्याचे कारण आम्हाला असे वाटते की दंगलीत आपण पीडित असतो. तलाकच्या कथेत दोषी नवरा असतो, म्हणजे दुसरा कोणी. हक्कसोडीच्या कथेत दोषी भाऊ असतो, आणि लिहिणारे आपण बहुतेक भाऊच आहोत. लेखणी जगावर चालवणे सोपे, घरच्या पेटीवर चालवणे अवघड. एखाद्या बहिणीनेच ही कथा लिहावी अशी आमची इच्छा आहे. पण तिची वाट पाहत आपण गप्प बसू नये.

उपाय फार मोठे नाहीत. चाळीसाव्याला खत्म पढतो तसे सुरह निसाचे ते एक पान सर्व वारसांसमोर, मराठीत किंवा दखनीत, अर्थासह वाचावे. जुम्म्याच्या बयानात वर्षातून चार वेळा तरी वारशाचा विषय यावा. मशिदीच्या विश्वस्तांनी आपल्या बहिणींचा हिस्सा दिला की नाही हे आधी स्वतःला विचारावे. आणि ज्यांचे बाप हयात आहेत त्यांनी बापाच्या डोळ्यांदेखत बहिणींना सांगून ठेवावे की तुझे नाव खोडले जाणार नाही.

राहिली आमच्या घरची गोष्ट. मागच्या रमजानमध्ये आम्ही वडिलांसमोर कागद ठेवला. विकलेला तुकडा आणि शिल्लक जमीन धरून फुफीचा वाटा किती होतो ते त्यावर मांडले होते. वडील खूप वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, चुलत्यांना विचारावे लागेल. चुलते अजून तयार नाहीत. वडिलांच्या वाट्यातून होईल तेवढे आधी करू, असे ठरले आहे. फुफीला सांगायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "बेटा, अब इस उमर में जमीन का मैं क्या करूं?" थोडा वेळ थांबून तिने विचारले, "पर कागज पे मेरा नाम आएगा ना?"

तिला अजून होकार देता आलेला नाही. तो देता यावा म्हणून कचेरीत पुन्हा एकदा जायचे आहे, ह्या वेळी नाव चढवायला.